लहान घर, दोन मुलं आणि खेळण्यांचा एकच मोठा टब: कसं आवरू?

कल्याणची_आई

नमस्कार. आम्ही कल्याणला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. आम्ही दोघं, सासूबाई, साडेचार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी. मुलगी रांगायला लागली आहे आणि जमिनीवर जे सापडेल ते थेट तोंडात जातं.

हॉल साधारण दहा बाय चौदाचा. एका भिंतीला सेटी, समोर टीव्ही, कोपऱ्यात सासूबाईंचं देवघर. खेळण्यांसाठी एक मोठा प्लास्टिकचा टब आहे. गाड्या, लाकडी ठोकळे, लेगोचे बारीक तुकडे, भातुकली, तुकडे हरवलेली कोडी, रबरी प्राणी, चाक निघालेला जेसीबी, सगळं त्यातच. मुलाला तळाची एक गाडी हवी असली की टब उपडा होतो. गाडी मिळते, तो दोन मिनिटं खेळतो आणि उठून जातो. संध्याकाळी कामावरून आले की मी सगळं परत टबात भरते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दिवाबत्तीला जाताना त्यांचा पाय एखाद्या ठोकळ्यावर पडेल ही धास्ती मला ऑफिसातही असते.

वाढदिवसाची काही खोकी माळ्यावर न उघडता तशीच आहेत, ती वेगळीच.

झाकणाची पेटी घ्यावी, खण असलेला बेड घ्यावा की उघडं रॅक? घरमालकांना भिंतीला भोकं पाडलेली चालत नाहीत. बजेट पाचेक हजार. बारीक तुकडे आणि रांगतं बाळ हे एका खोलीत कसं जमवायचं? आणि साडेचार वर्षांच्या मुलानं स्वतः आवरावं ही अपेक्षा बरोबर आहे का?

बालवाडीच्या_बाई

अगं, अपेक्षा अगदी बरोबर आहे. साडेचार वर्षांचं मूल आवरतं, आणि आवडीनं आवरतं. नाशिकला आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझी बालवाडी होती, वीस-बावीस मुलांची. सुट्टीआधी खोली मुलंच आवरत. ती काही जगावेगळी गुणी मुलं नव्हती. प्रत्येक वस्तूची जागा त्यांना माहीत होती आणि त्या जागेपर्यंत त्यांचा हात पोचत होता, एवढंच.

म्हणून पेटी नको, खणाचा बेडही नको. दोन्हींत टबासारखंच होणार. मुलाला वरचा थर दिसतो, खालचं दिसत नाही. जे दिसत नाही ते खेळायला सुचतही नाही. तुझा मुलगा गाडी मिळाल्यावर दोन मिनिटांत उठतो याचं मला नवल वाटत नाही. शोधण्यातच त्याचा उत्साह संपतो, आणि समोर शंभर वस्तू पसरलेल्या असताना एकीवर मन कसं ठरणार?

उघडं, बुटकं रॅक घे. दोन फूट उंच पुरे. त्यावर बसकी भांडी ठेव आणि एका भांड्यात एकाच जातीचं खेळणं. गाड्या एकात, प्राणी एकात, ठोकळे एकात. भांडी विकत आणायची गरज नाही. जुनी स्टीलची ताटं, आइस्क्रीमचे चौकोनी डबे, मिठाईचे खोके चालतात. आमच्याकडे हंगामात द्राक्षांचे पुठ्ठ्याचे बसके खोके मिळत, मी तेच वापरायची. भांडं वीतभरापेक्षा खोल नसावं. खोल झालं की त्याचा पुन्हा टब होतो.

भांड्याच्या पुढच्या बाजूला आतल्या वस्तूचं चित्र चिकटव. चित्र मुलाला काढायला लाव. तो गाडी म्हणून चार रेघा काढेल, त्या त्याला नेमक्या कळतात. आपण लिहिलेलं नाव त्याला वाचता येत नाही, पण स्वतःची रेघ तो विसरत नाही.

आता संख्या. घरात असलेलं सगळं एकाच वेळी बाहेर ठेवायचं नाही. आठ-दहा प्रकार रॅकवर, बाकीचे माळ्यावर. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं होतं. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे जास्त प्रकारचे उपयोग केले. मुलं लहान होती आणि संख्याही थोडी, हे खरं. तरी मी बालवाडीत रोज जे पाहत होते त्याच्याशी ते जुळतं.

माळ्यावरचं खाली आणि खालचं वर कधी करायचं याला वार ठरवू नकोस. एखाद्या भांड्याकडे मुलगा फिरकेनासा झाला की तेवढंच बदल. आणि जी बाहुली किंवा गाडी तो झोपताना जवळ घेतो तिला या फेऱ्यातून कायमची सुट्टी. ती नेहमी हाताशी असावी.

खेळताना चटई अंथरायची. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. रॅकवरून एक भांडं घ्यायचं, चटईवर आणायचं, खेळ चटईच्या आत. दुसरं हवं असेल तर पहिलं जागेवर ठेवून ये. देवघराकडे जाणारी वाट सोडून उरलेल्या बाजूला चटईची जागा पक्की कर, म्हणजे सासूबाईंची वाट मोकळी राहील. मुलांना अशी हद्द आवडते. कुठपर्यंत आपलं राज्य आहे हे डोळ्यांना दिसतं.

यातलं काही माझं डोकं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची आपली पहिली शाळा सुरू केली, तेव्हापासून बुटकी कपाटं आणि चटई ही त्या पद्धतीची ओळखच आहे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. तिथं महागडी साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं, जे भोवताली मिळालं त्याची त्यांनी साधनं केली. पैसे कमी असणं ही अडचण आहेच, पण त्यानं काम अडत नाही हे त्या बायांनी दाखवून दिलंय. तुझे पाच हजार पुष्कळ झाले.

आवरून घेताना "सगळं उचल" म्हणू नकोस. खोलीभर पसारा आणि "सगळं" म्हटलं तर मोठा माणूसही हातपाय गाळतो. "गाड्या त्यांच्या ताटात ने, प्राणी मी नेते," असं म्हण. सुरुवातीला बरोबर बस. आणि अचानक उठवू नकोस, आधी सांग की या गाडीची आणखी एक फेरी झाली की आपण आवरायचं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. त्यानं ठोकळ्यांचा पूल अर्धा बांधला असेल तर तो मोडायला लावू नकोस. दिवाळीतला मातीचा किल्ला आपण सण संपेपर्यंत अंगणात ठेवतोच ना, तसं या कामालाही राहू दे. रॅकच्या वरच्या फळीवर एक कोपरा "चालू कामा"साठी राखून ठेव. लहानसा पाट घेऊन त्यावरच बांधायला दिलंस तर पाटासकट उचलून ठेवता येईल. बरीच मुलं आवरायला नाही म्हणतात ती आळसामुळे नाही, केलेलं मोडावं लागतं म्हणून. दुसऱ्या दिवशी तो पूल पुढे बांधायला घेतो, त्या वेळी त्याचा चेहरा बघ.

बाळाचं आता. सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, खेळण्यांच्या तपासणीत हेच माप धरतात. सरळ एक नळकांडं करून घरातल्या वस्तू त्यात घालून बघ. जे मावेल ते फिरकीच्या झाकणाच्या बरणीत आणि उंचावर. लेगो जेवणाच्या टेबलावर किंवा बाळ झोपल्यावर सेटीवर. खाली जुनी चादर अंथर, खेळ झाला की चार कोपरे धरून चादर उचल, एक तुकडा इकडेतिकडे राहत नाही. बटणासारखे चपटे सेल ज्या खेळण्यात आहेत त्याचं झाकण स्क्रूनं बंद होतंय का ते आजच तपास. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका जरी आली तरी घरी वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

रॅकची खालची फळी बाळाची, वरची भावाची. त्याच्या वस्तूंना तिचा हात लागणार नाही अशी जागा त्याला मिळायलाच हवी. धाकटी आल्यावर मोठ्याला फार सोडावं लागतं गं.

रंधा_पटाशी

ताई, मी सुतार आहे, सांगलीला काम करतो. बाईंनी सांगितलं ते मापात सांगतो.

पेटी नकोच. जड झाकण धरून ठेवणारा आधार नसला की मूल वाकलेलं असताना ते मानेवर पडतं. घरात आधीची पेटी असेल तर झाकण काढून टाका.

रॅक ३ फूट रुंद, २ फूट उंच, १ फूट खोल. अठरा एमएमची प्लाय घ्या, बीडब्ल्यूआर ग्रेडची, म्हणजे पाणी सोसणारी. अर्धी शीट म्हणजे ४ बाय ४ फूट. तिच्या एक-एक फुटी चार पट्ट्या काढायच्या. तीन पट्ट्यांतून तीन-तीन फुटांच्या तीन फळ्या, चौथीतून दोन फुटांच्या दोन बाजू. करवतीच्या पात्यात थोडं जातं, म्हणून प्रत्येक माप दोन-तीन एमएम कमी धरायचं. फळ्यांतून फूटभराचे तीन तुकडे उरतात, ते फेकू नका. मधल्या फळीखाली उभे बसवा, खण पडतात आणि फळीला आधारही मिळतो. मागे सहा एमएमची पूर्ण पाठ लावा. पाठ नसली की रॅक डोलतं.

पार्टिकल बोर्डाचं तयार रॅक स्वस्त पडतं, पण रोज फरशी पुसताना पाणी लागून त्याचे पाय फुगतात. प्लाय घेतली तरी खाली इंचभर प्लास्टिकचे बुश लावा. चाकं नकोत, मूल धरून उभं राहताना रॅक सरकतं. कोपरे गोल करून घ्या, कडांना पट्टी लावा, काच कुठेही नको.

भिंतीचा प्रश्न राहिला. मूल फळीला शिडी समजतं, तेव्हा बुटकं असलं तरी रॅक भिंतीला धरलेलं बरं. मालकांशी एकदा बोला. दोन एल-पट्ट्या आणि सहा एमएमची दोनच भोकं, घर सोडताना पुट्टीनं भरून रंगाचा हात मारला की कळतसुद्धा नाही. तोवर ठोकळ्यांसारखं जड सामान सगळ्यांत खाली ठेवा. आणि भिंतीच्या पायथ्याला टाइलची पट्टी (स्कर्टिंग) असेल तर रॅकच्या बाजूंना मागून तेवढी खाच मारायला सांगा, नाहीतर रॅक भिंतीपासून सुटून उभं राहतं आणि मागच्या फटीत खेळणी पडत राहतात.

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणची. पावसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कल्याणही तसं ओलंच.

बाई, पुठ्ठ्याचे खोके नाशिकच्या कोरड्या हवेत ठीक. इथं जूनमध्ये पुठ्ठा मऊ पडतो आणि त्यात झुरळं, कसर वस्तीला येतात. त्यापेक्षा प्लास्टिकच्या जाळीच्या परड्या घ्या, धुता येतात आणि आत वारा खेळतो. कोडी मात्र खोक्यातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, चित्राचं झाकण कापून आत.

माळ्यावर ठेवण्याआधी प्रत्येक खेळण्यातले सेल काढा. दमट हवेत सेल गळले की आतली पट्टी गंजते आणि खेळणं कायमचं जातं. कापडी प्राणी मे महिन्यात धुऊन कडकडीत वाळवा, शिवणीच्या आतपर्यंत. जराशी ओल राहिली तर पिशवीत बुरशी येणारच. धुता न येणारी मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवली तर धुळीतले बारीक किडे मरतात. माझ्या मुलीला शिंका येतात, मी हे नेमानं करते.

डांबराच्या गोळ्या खेळण्यांत अजिबात नकोत. गोळी पेपरमिंटसारखी दिसते, आणि तिच्या वासानंसुद्धा काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूरही बाळाच्या पोटात गेला तर घातक. नवीन वस्तूंत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्यासुद्धा उघड्या टाकू नका, बाळ तोंडात घालेल.

सावंतवाडीची लाकडी खेळणी असतील तर ती धुवू नका. कोरड्या कापडानं पुसा आणि सावलीतच ठेवा, कडक उन्हात रंग उडतो.

कल्याणची_आई

तुम्हा सगळ्यांची फार आभारी आहे. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. चटईची जागा त्यांनीच ठरवून दिली, खिडकीखाली. मालकांशी ह्यांचं बोलणं झालं, दोन भोकांना ते तयार आहेत.

काल टब रिकामा करून जाती लावल्या. मुलगा बरोबर बसला होता. प्राण्यांचं ताट त्यानं स्वतः लावलं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला.

बाई, अजून दोन विचारते. तुटकी खेळणी तो टाकू देत नाही. जेसीबीला हात लावला तरी रडतो. गुपचूप टाकू का? आणि माळ्यावरच्या खोक्यांचं काय करू? नातेवाईक प्रेमानं देतात, नको कसं म्हणायचं?

बालवाडीच्या_बाई

तोंडं एका दिशेला! तो तुझ्यापेक्षा नीट आवरणार बघ.

गुपचूप काही टाकू नकोस. त्याला कळतं, आणि मग तो प्रत्येक वस्तूला घट्ट धरून बसतो. एक "दवाखान्याचा डबा" कर. तुटलेलं त्यात जाईल. रविवारी बाबांबरोबर बसून काय दुरुस्त होतंय ते बघायचं. जेसीबीच्या चाकाला बाटलीचं झाकण आणि जाडसर तार पुरेल, वापरायला देण्याआधी तारेचं टोक वळवून आत घे. ज्याची धार निघाली आहे किंवा आतला सेल उघडा पडला आहे ते मात्र त्याला कारण सांगून, त्याच्या समोर काढून टाक. कोड्याचे, संचाचे सुटे तुकडे सापडले की त्यांनाही स्वयंपाकघरात एक बरणी ठेव. जोडीदार सापडेपर्यंत तिथं.

माळ्यावरची खोकी खाली काढ आणि वयाची खूण वाच. त्याला लागू असतील ती एकेक करून उघड, मधल्या काळात दुसरी नाही. लहान वयाची असतील तर धाकटीसाठी ठेव. आयएसआय खूण आहे का तेही बघ, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे, कारागिरांच्या हस्तकलेला सूट आहे. लेगो कुणाला देऊन टाकू नकोस. १९५८ सालापासूनचे तुकडे आजच्यांत बसतात, तुझ्या मुलीला तेच पुरतील. धुवायचे तर जास्तीत जास्त ४० अंशांच्या कोमट पाण्यात, हातानं.

उरलेलं जवळच्या अंगणवाडीला दे, पण आधी सेविकाताईंना विचार काय हवंय. त्यांच्याकडेही जागा तुझ्याएवढीच लहान असते. अख्खं, धुतलेलं आणि तुकडे मोजून दिलेलंच द्यायचं. पोचवायला मुलाला बरोबर ने.

नातेवाइकांना नको म्हणू नकोस, काय हवंय ते आधी सांग. आत्याला सांग चित्रांचं पुस्तक, मामाला सांग खडू आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा, आजोबांना सांग त्याला एकदा रेल्वे यार्ड दाखवून आणा. लोकांना विचारलेलं आवडतं. दुकानात उभं राहून काय घ्यावं हा प्रश्न त्यांनाही पडलेलाच असतो.

रंधा_पटाशी

मालक तयार झाले ते बरं झालं. प्लाय दुकानातच कापून मागा, मोठ्या दुकानात कटिंगचं मशिन असतं आणि टेम्पोचा खर्च वाचतो. चारही पट्ट्यांवर पेन्सिलीनं माप लिहून घ्या आणि दुकान सोडण्याआधी एकमेकींवर ठेवून लांबी बघा. भोकं पाडायच्या आधी त्या भिंतीत लाइटची पाइप कुठून गेली आहे ते मालकांना विचारा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका.